पाचकुफचा कोट आणि तातारांची विहीर

चर्चच्या आत विहीर असल्याचे आम्ही प्रथम वाचले, तेव्हा ती छपाईची चूक असावी असेच वाटले. अंगणात विहीर असणे आम्ही समजू शकतो. मशिदीत हौज असतो, दर्ग्याच्या आवारात बावडी असते. पण ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या छपराखाली, जिथे बाके मांडलेली असतात आणि मेणबत्त्या जळत असतात, तिथे पाण्याची विहीर कशासाठी? पुढच्या ओळीत तिचे नाव दिले होते. ‘तातारांची विहीर’. तेव्हा मात्र आम्ही पुस्तक मिटले नाही.

हे चर्च पोलंडच्या पाचकुफ या गावात आहे. पोलंडच्या नैर्ऋत्येला, चेक प्रजासत्ताकाच्या सीमेला खेटून, निसा क्वोत्स्का नदीच्या काठी वसलेले सात-साडेसात हजार वस्तीचे हे गाव. मोठ्या नकाशात ते सापडत नाही. आम्ही तिथवर पोहोचलो ते वेगळ्याच वाटेने. दुसऱ्या महायुद्धात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे तिथे राहिली, त्यांत बायका आणि मुलेच अधिक. ही माणसे आली कुठून आणि त्यांच्या गावांचे पुढे झाले काय, याचा शोध घेता घेता आम्ही पोलंडच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत गेलो आणि या कोटबंद गावाशी थांबलो. वळिवड्याचा आणि पाचकुफचा संबंध काय, ते पुढे येईलच. आधी गाव पाहू.

पाचकुफला ‘पोलंडचे कार्कासोन’ म्हणतात. कार्कासोन हे फ्रान्समधले प्रसिद्ध तटबंदीचे शहर. अशा उपमांवर आमचा फारसा विश्वास नसतो, कारण प्रत्येक देशात एक ‘व्हेनिस’ आणि एक ‘स्वित्झर्लंड’ असतेच. पण इथे ती अगदीच पोकळ नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यास बांधलेला दगडी कोट आजही गावाला वेढून उभा आहे. त्याची लांबी सुमारे १२०० मीटर. मूळच्या २४ बुरुजांपैकी १९ शिल्लक आहेत. यांतले बरेचसे बुरूज आतल्या बाजूने उघडे आहेत, म्हणजे शत्रूने एखादा बुरूज घेतलाच तर त्याला तिथे आडोसा मिळू नये. वेशींचे तीन उंच मनोरे अजून उभे आहेत. ज्या शहराकडे वाट जाते त्याचे नाव वेशीला : व्रॉत्स्वाफ वेस, क्वोत्स्को वेस आणि झोंबकोवित्से वेस.

आत शिरले की मधोमध चौक, चौकात नगरपालिकेची इमारत, भोवती सरळ रेषेत आखलेले रस्ते. पालिकेचा मनोरा सोळाव्या शतकातला. खालची इमारत एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेली. कोटाच्या बाजूला एक घर ‘जल्लादाचे घर’ म्हणून दाखवतात. युरोपातल्या जुन्या गावांत जल्लाद हा पगारी नोकर असे, गावाला त्याची गरज असे आणि त्याच्याशी रोटीबेटी कोणी करत नसे. त्याचे घर गावाच्या कडेला, भिंतीला चिकटून का, हे आपल्या वाचकांना उलगडून सांगण्याची जरुरी नाही. आणखी एक मौजेची जागा म्हणजे गॅसचे संग्रहालय. १९०२ साली इथे दगडी कोळशापासून गॅस तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. तो बंद पडल्यावर त्याच इमारतीत जुन्या भट्ट्या, शेगड्या, दिवे आणि गॅस मोजण्याची शेकडो मीटर मांडून ठेवली आहेत. कोट पाहायला आलेली मंडळी तिथे जातात की नाही कोण जाणे, पण एका छोट्या गावाने रात्री रस्त्यावर उजेड कसा आणला याचा हा इतिहास आम्हाला बुरुजांइतकाच मोलाचा वाटतो.

आता चर्चकडे वळू. संत योहानाचे हे चर्च कोटाच्याच काळातले, चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. लांबून पाहिले तर ते चर्च वाटत नाही, किल्ला वाटतो. भिंती जाड आणि उंच. छपराच्या कडेने किल्ल्याला असतात तशा चर्या, पाकोळीच्या शेपटीसारख्या दुभंगलेल्या. या चर्या मागाहून, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात चढवल्या. कारण, तुर्क येणार अशी आवई. कोट पडला तर गावाने चर्चमध्ये शिरून दारे लावून घ्यायची, वरून मारा करायचा आणि वेढा लांबला तर पाणी हवे म्हणून आत विहीर.

म्हणजे चर्या तुर्कांसाठी आणि विहिरीला नाव तातारांचे. आम्ही या दोन नावांपाशी बराच वेळ अडखळलो. कारण या गावावर ना कधी तुर्क चालून आले, ना त्या विहिरीचे पाणी प्यायची वेळ यावी असा तातारांचा वेढा कधी पडला. मग ही नावे आली कुठून?

तातारांची गोष्ट आधीची. १२४१ च्या एप्रिल महिन्यात मंगोल फौजा पोलंड तुडवत सायलेशिया प्रांतात आल्या. ९ एप्रिल रोजी लेग्नित्साजवळ सायलेशियाचा ड्यूक हेन्री दुसरा याचा त्यांनी पराभव केला आणि त्यात तो मारला गेला. फौजेचा सरदार बैदर हा चंगेजखानाचा नातू. युरोपातल्या बखरकारांनी या स्वारांना ‘तार्तार’ म्हटले, कारण लॅटिनमध्ये ‘तार्तारस’ म्हणजे नरक. मंगोल आले तसे निघूनही गेले, पण मुलूख ओसाड करून गेले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १२५४ मध्ये, व्रॉत्स्वाफच्या बिशपने, त्याचे नाव तोमाश, पाचकुफ वसवले. उद्ध्वस्त प्रदेशात जर्मन भूमीतून वसाहती आणायच्या, त्यांना जमिनी आणि सवलती द्यायच्या, बाजार भरवायचा, असा तो काळ होता. गावाच्या जन्मातच ही आठवण आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण इथे एक गोष्ट लोक विसरतात, आपणही विसरतो. १२४१ चे मंगोल मुसलमान नव्हते. लेग्नित्सानंतर सतरा वर्षांनी, १२५८ मध्ये, चंगेजखानाच्याच दुसऱ्या नातवाने, हुलागूने, बगदाद लुटले, अब्बासी खलिफाला ठार केले, ग्रंथालये नष्ट केली. लेग्नित्साच्या विधवा आणि बगदादच्या विधवा एकाच वावटळीत सापडल्या होत्या. चंगेजखानाचा आणखी एक नातू बर्के याने इस्लाम स्वीकारला, तो व्होल्गाकाठच्या राज्याच्या गादीवर बसला आणि पुढे त्याने हुलागूशीच युद्ध केले. बर्केच्या राज्यातले लोक चौदाव्या शतकात बहुसंख्येने मुसलमान झाले. मग मागल्या दाराने इतिहास बदलला. ‘तातार’ म्हणजे मुसलमान, ‘तुर्क’ म्हणजे मुसलमान, म्हणजे लेग्नित्साला जे आले तेही तेच, असा हिशेब लोकांच्या मनात आपोआप जुळत गेला. विहिरीचे नाव आणि चर्यांचे कारण एका छपराखाली आले ते असे.

तुर्कांची भीती मात्र हवेतली नव्हती. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत सुलतान सुलेमानने हंगेरीच्या फौजेचा चुराडा केला. तरुण राजा लायोश तिथून पळताना बुडून मेला. तो बोहेमियाचाही राजा होता आणि सायलेशिया बोहेमियाच्या मुकुटाखाली होता. म्हणजे पाचकुफच्या लोकांचा स्वतःचाच राजा तुर्कांपुढे गेला. गादी हॅब्सबर्ग घराण्याकडे आली. तीन वर्षांनी, १५२९ मध्ये, सुलेमानने व्हिएन्नाला वेढा घातला. सायलेशियात तुर्कांच्या नावाने कर बसला, चर्चांतून प्रार्थना झाल्या, कोट दुरुस्त झाले. १६६३ मध्ये क्रिमियाचे तातार शेजारच्या मोरावियात शिरले आणि त्यांनी माणसे धरून नेली. ही गावे काही उगाच घाबरत नव्हती. तुर्क हे त्या काळचे जगातले एक बलाढ्य साम्राज्य होते आणि साम्राज्ये शेजाऱ्यांशी जशी वागतात तसेच ते वागत होते. आपण त्याचा अभिमान धरण्याचे कारण नाही, आणि त्याची माफी मागण्याचेही नाही.

पण पाचकुफला प्रत्यक्षात कोण आले, याची यादी केली की आश्चर्य वाटते. १४२८ मध्ये हुसाइट आले आणि त्यांनी गाव लुटले. हे बोहेमियातले सुधारणावादी ख्रिस्ती. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात सारा सायलेशिया कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट फौजांनी आळीपाळीने पिळून काढला. त्यानंतर आला प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा. १७४० मध्ये त्याने सायलेशियावर चढाई केली आणि १७४२ च्या तहात बहुतेक सगळा प्रांत घेतला.

या तहाने पाचकुफ सीमेवर आले. त्याआधी इथे सीमा नव्हतीच. पाचकुफ, निसा, ओत्मुखुफ आणि डोंगराकडचे यावोर्निक ही सगळी बिशपच्या एकाच संस्थानातली गावे होती. तहाची रेषा त्या संस्थानाच्या अंगावरून गेली. पाचकुफ प्रशियात, यावोर्निक ऑस्ट्रियात. बिशप शाफगोच आणि फ्रेडरिकचे पुढे बिनसले, तेव्हा बिशपमहाशय रेषा ओलांडून यावोर्निकच्या आपल्या गढीत येऊन बसले आणि मरेपर्यंत, १७९५ पर्यंत, तिथेच राहिले. डिट्टर्सडॉर्फ नावाचा नामांकित संगीतकार पदरी ठेवला, नाटके केली. तेव्हापासून राज्ये कितीतरी बदलली पण रेषा जवळजवळ तिथेच आहे. प्रशियाची ती जर्मनीची झाली, ऑस्ट्रियाची ती चेकोस्लोव्हाकियाची झाली.

गाव मात्र कायम जर्मन बोलत राहिले. त्याचे नाव होते पाच्काउ. बेकरी जर्मन, शाळा जर्मन, कबरीवरचे दगड जर्मन. सहाशे-सातशे वर्षे. १९४५ च्या मार्चमध्ये शेजारचे निसा शहर लढाईत आणि आगींत बहुतांशी जळून गेले. पाच्काउ वाचले. कोट वाचला, चौक वाचला, चर्याही वाचल्या. फक्त माणसे गेली.

१९४५ च्या उन्हाळ्यात पोट्सडॅम येथे विजेत्यांची बैठक झाली. पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाने आधीच घेतला होता, त्याच्या बदल्यात पोलंडला जर्मनीचा पूर्व भाग द्यायचा होता. सीमा ओडर आणि निसा या नद्यांवरून काढायची ठरली. पण निसा नावाच्या नद्या दोन. एक पश्चिमेची लुसात्सियाची निसा आणि दुसरी ही पाचकुफची. चर्चिलचा आग्रह पूर्वेच्या निसाचा होता, स्तालिनचा पश्चिमेच्या. स्तालिनचे चालले. एका नावाच्या दोन नद्यांमधला हा वाद लाखो माणसांच्या घरादाराचा होता, आणि त्या माणसांना कोणी विचारले नव्हते. शिवाय चेकोस्लोव्हाकियानेही क्वोत्स्कोच्या परिसरावर हक्क सांगितला. तो तंटा १९५८ च्या कराराने मिटला.

१९४५ पासून पुढच्या दोन वर्षांत पाच्काउचे जर्मन उठवले गेले. बरोबर हातात मावेल तेवढे सामान. त्यांच्या घरांत पोलिश कुटुंबे आली, त्यांतली पुष्कळ पूर्वेकडच्या हरवलेल्या प्रांतांतून. या प्रांतांना पोलिश भाषेत ‘क्रेसी’ म्हणतात. तिथून दहा लाखांहून अधिक माणसे पश्चिमेला हलवली गेली. मालगाडीच्या डब्यात गाय, कोंबड्या, शिवणयंत्र, मुले. आलेल्यांनाही घर सोडायचे नव्हते. उठवलेला माणूस उठवलेल्याच्या घरात शिरला, चुलीवरचे भांडे कधीकधी अजून कोमट होते. १९४७ ची फाळणी ज्यांच्या घरात बोलली जाते त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

आणि इथेच वळिवडे येते. कोल्हापूरला आलेले पोलिश लोक याच क्रेसी प्रांतातले. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्यांना घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेले. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली. १९४२ मध्ये ते इराणमार्गे बाहेर पडले, आणि त्यांतले काही हजार हिंदुस्थानात आले. त्यांचे मागे राहिलेले शेजारी, नातलग चार वर्षांनी मालगाड्यांत बसून सायलेशियात उतरले. एकाच गल्लीतले एक घर पंचगंगेच्या काठी आणि दुसरे निसाच्या काठी. युद्ध संपल्यावरही वळिवड्यातले बहुतेक लोक घरी परतले नाहीत, कारण ज्या घरी परतायचे ते आता पोलंडमध्ये नव्हते.

नव्या राजवटीने या पश्चिम भागाला ‘परत मिळालेली भूमी’ असे नाव दिले. सहाशे वर्षांपूर्वी इथे पोलिश राजघराणे नांदत होते, तेव्हा ही भूमी मुळात आपलीच, असा दावा. जर्मन पाट्या खरवडून काढल्या, रस्त्यांची नावे बदलली, जर्मन कबरस्ताने पुढे पुष्कळ ठिकाणी मोडून टाकली. इतिहासातला सोयीचा एक कालखंड निवडायचा आणि मधला पुसायचा, ही रीत तिथल्या सरकारने शोधून काढलेली नाही. वसलेल्या लोकांचा मात्र या दाव्यावर फारसा विश्वास नव्हता. जर्मन परत येतील या धास्तीने अनेकांनी वर्षानुवर्षे बांधलेले गाठोडे पुरते सोडले नाही, घराची मोठी दुरुस्ती केली नाही. पश्चिम जर्मनीने १९७० मध्ये ही सीमा मान्य केली आणि एकत्रित जर्मनीने १९९० मध्ये तिच्यावर शेवटची सही केली. पंचेचाळीस वर्षे गाठोड्याच्या शेजारी झोपणे म्हणजे काय, याचा आम्ही विचार करत राहिलो.

याच मालगाड्यांत आणखी कोणी बसले होते, आणि ज्यांच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला ते हेच लोक. तातार.

पोलंड आणि लिथुआनियाच्या राज्यात मुसलमान तातार चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून राहत आले आहेत. लिथुआनियाच्या विटाउटास या ग्रँड ड्यूकने त्यांना जमिनी दिल्या आणि बदल्यात घोडदळाची चाकरी घेतली. दोनतीन शतकांत ते आपली तातार भाषा विसरले. पोलिश आणि बेलारूशी बोलू लागले. पण दीन सोडला नाही. त्यांची धार्मिक हस्तलिखिते मोठी मजेदार आहेत, भाषा स्लाव्ह आणि लिपी अरबी. घरात शेजाऱ्यांची भाषा बोलणारा मुसलमान ही काय चीज आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सगळेच गोड होते असे नाही. १६७२ मध्ये पगार थकला आणि धर्मपालनावर बंधने आली म्हणून त्यांच्यातल्या अनेक तुकड्या तुर्कांना जाऊन मिळाल्या. पुढे राजा यान सोबियेस्कीने १६७९ मध्ये थकलेल्या पगाराच्या बदल्यात त्यांना क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी ही गावे दिली. चार वर्षांनी, १६८३ मध्ये, हाच सोबियेस्की व्हिएन्नाला तुर्कांशी लढायला निघाला, तेव्हा त्याच्या फौजेत हे तातार होते. समोर सुलतानाच्या बाजूनेही तातार. ओळख पटावी म्हणून सोबियेस्कीच्या तातारांनी शिरस्त्राणात गवताची काडी खोवली होती, असे सांगतात. ज्या वेढ्याच्या भीतीने युरोपभर घंटा वाजत होत्या, तो मोडणाऱ्यांत कलमा पढणारे स्वारही होते.

१९४५ च्या सीमेने त्यांच्या बहुतेक मशिदी सोव्हिएत संघात गेल्या. पोलंडच्या हद्दीत दोनच जुन्या मशिदी राहिल्या, क्रुशिन्यानीची हिरवी आणि बोहोनिकीची तपकिरी, दोन्ही लाकडी. तातारही इतर पोलिश लोकांप्रमाणे गाठोडी बांधून पश्चिमेला गेले. काही ग्दान्स्कला, काही श्चेचिनला, गोझुफला, आणि काही व्रॉत्स्वाफला. तेच व्रॉत्स्वाफ, ज्याचे नाव पाचकुफच्या वेशीवर आहे. शेवटी तातार सायलेशियात आले खरे. सातशे वर्षांनी आले, निर्वासित म्हणून आले, आणि त्यांच्याही हातात तोच सरकारी कागद होता जो शेजारच्या कॅथलिक कुटुंबाच्या हातात होता. ग्दान्स्कच्या तातारांनी पुढे तिथे मशीद उभारली, ती १९९० मध्ये खुली झाली.

भिंती बांधणे थांबलेले नाही. २०२१ च्या शरद ऋतूत बेलारूसच्या सीमेवरच्या जंगलात सीरिया, इराक, येमेनचे निर्वासित थंडीत अडकून मेले. त्यांतल्या काहींना बोहोनिकीच्या जुन्या तातार कबरस्तानात दफन केले. गावच्या तातारांनी अनोळखी मुलांची जनाजाची नमाज पढली. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, पोलंडने त्या सीमेवर साडेपाच मीटर उंचीची, १८६ किलोमीटर लांबीची पोलादी भिंत पुरी केली.

पाचकुफच्या दक्षिणेची सीमा मात्र उघडी आहे. २१ डिसेंबर २००७ रोजी पोलंड आणि चेक प्रजासत्ताक यांच्यामधल्या चौक्या उठल्या. २०२० मध्ये करोनाच्या साथीत काही काळ रस्ता पुन्हा अडवला गेला. २०२४ च्या सप्टेंबरात वरच्या अंगाचा टोपोला तलाव फुटला आणि निसा नदी खालच्या गावांत शिरली. तेव्हा पाचकुफ परिसरातल्या लोकांना घरे सोडायला सांगण्यात आले. पुष्कळांच्या आजीआजोबांनी असे गाठोडे याआधी एकदा बांधले होते.

आपल्यापैकी कोणी कधी व्रॉत्स्वाफला गेलेच, तर पाचकुफ तिथून दक्षिणेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. आधी कोटाला बाहेरून पुरी फेरी मारावी, अर्धा तास पुरतो. मग संत योहानाच्या चर्चमध्ये जाऊन ती विहीर पाहावी. नंतर क्वोत्स्को वेशीपाशी यावे. दक्षिणेकडे डोंगरांची रांग आहे, तिच्या पायथ्याशी बिली पोतोक नावाचे चेक गाव. मधे चौकी नाही. लोक सायकलवरून सामान आणायला जातात आणि संध्याकाळी परत येतात.